शकूची ऑर्डर

मोहने गावच्या बुद्धविहारात दुपारी बायकांचा इंग्रजीचा वर्ग निघाला, तेव्हा शकूनं पहिलं नाव दिलं. घरात तिचे मालक, बाबुराव, अर्धांगवायूचा झटका आल्यापासून पलंग सोडत नव्हते. डॉक्टर म्हणायचे, रोज थोडं चालवा. शकू "अहो, उठा ना" म्हणून थकली, चिडली, भांडली. ते आपले भिंतीकडे तोंड करून पडलेले.

वर्गात दीप्तीबाईंनी 'गेट' शिकवलं. गेट अप म्हणजे ऊठ, गेट रेडी म्हणजे तयार हो. एवढ्याशा शब्दावर इतकी कामं होतात, हे शकूला भलतंच आवडलं.

घरी आल्या आल्या ती कमरेवर हात ठेवून ओरडली, "बाबुराव, गेट अप!"

बाबुरावांची अख्खी नोकरी कारखान्यात साहेबाच्या इंग्रजीवर धावण्यात गेलेली. ते दचकून उठून बसलेच. मग हसत सुटले, आणि हसता हसता खिडकीचा गज धरून उभे राहिले. पाय लटपटत होते.

"बोला मॅडम, पुढची ऑर्डर?"

शकूनं आवाज साहेबाचाच ठेवला.

"गेट वेल! म्हणजे बरे व्हा. पुस्तकात हा धडा उद्याचा आहे, पण तुम्ही आजपासूनच लागा."