बावीस वह्या आणि एक ओळ

बायकांना ब्लॉकचेन शिकवायला गेले आणि स्वतःच अडकले. हसू नका!

मी लोणखेड्याच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते, राहते तापीकाठच्या सासरच्या गावात. आमच्या बचत गटाच्या बायका केळी धुऊन खोक्यांत भरतात. खरेदीदारानं कळवलं, यापुढे प्रत्येक खोक्याची नोंद ब्लॉकचेनवर. बायका घाबरल्या. "मॅडम, तुम्हीच समजाडा."

नेमकं त्याच आठवड्यात मला सुरतेहून नोकरीचं पत्र आलं होतं. किती वर्षं वाट पाहिली होती त्याची! नवरा सोडून कुणालाच सांगितलं नव्हतं.

शेडमध्ये मी बावीस जणींना बावीस वह्या वाटल्या. म्हटलं, "एरवी वही एकट्या मुकादमाकडे असते, तो म्हणेल ते खरं. इथं प्रत्येकीकडे तीच वही. एकीनं ओळ सांगायची, जास्त जणी हो म्हणाल्या तरच सगळ्यांनी लिहायची. नव्या पानावर आधी मागच्या पानाची शेवटची ओळ उतरवायची, म्हणजे मधलं पान कुणी बदललं की लगेच सापडतं."

"पहिली ओळ काय लिखू?" कुणीतरी विचारलं.

पुढे माझ्या सासूबाई बसल्या होत्या. त्या मिश्कील हसल्या. "लिखा, मन्ही सून गाव सोडीसन कोठेच जाणार नही."

नको म्हणावं तर कारण सांगावं लागलं असतं. शेडभर हो हो झालं आणि बावीस पेनं चालू लागली. मी मेली तीच ओळ फळ्यावर लिहीत होते! मग शिकवायचं म्हणून पुसलीही. "बघा, पुसली. गेली का?"

"कितलं बी पुसा, आमनी वहीमा लिखेल शे!" सगळ्या टाळ्या पिटत ओरडल्या. धडा इतका चांगला याआधी कधी समजला नव्हता कुणाला. मला मात्र रडू येत होतं.

त्यानंतर गावात जिथे जावं तिथे ती ओळ. दूध घालायला गेले तर एकीनं सांगितलं, मॅडम इथंच आहेत म्हणून लेकीला कॉलेजात घातली. मी मान डोलावली. दुसरं करणार काय, डोंबल?

आठ दिवसांनी पुन्हा सगळ्या जमल्या, तेव्हा मी बोलून टाकलं. "नवी ओळ सांगते. सून सुरतेला नोकरीला जाते आहे."

मग मागून एक जण हळूच म्हणाली, "लिखेल ते लिखेल, तुम्हीच तं सांगेल शे."

"जुनं पुसता येत नाही, पण नवं जोडता येतं," मी म्हटलं. "जास्त जणी हो म्हणाल्या तर."

कुणी वर बघेना. राग आला मला, त्यांचा, त्याहून जास्त स्वतःचा. तेवढ्यात पेनाचा आवाज आला. सासूबाई चष्मा नाकावर ओढून एकेक अक्षर लिहीत होत्या. लिहून झाल्यावर त्या मागे वळल्या. "तिले जाऊ द्या ना वं."

बाकीच्या एकवीस वह्या मिटलेल्याच राहिल्या.