पाय वर घेणारे काका

बद्रीनाथच्या यात्रेत ते माझ्या शेजारच्या सीटवर होते. आष्टीकडचे शेतकरी, डोक्याला पांढरा रुमाल. नाव विचारायचं राहूनच गेलं.

परतताना पुढं दरड कोसळली आणि आमची जालन्याच्या माणसांनी भरलेली बस घाटात अडकली. एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला खोल नदी. सगळे देवाचा धावा करत होते. काका मात्र खाली उतरले आणि पेरणीआधी रान बघावं तसा ढिगाऱ्यातला चिखल मुठीत दाबून बघून आले.

"आज काही रस्ता निघत न्हाई," ते म्हणाले. "वाफसाच न्हाई."

त्या भीतीतही मला हसू आलं.

काकांचा अंदाज साफ चुकला. दुपारीच जेसीबीनं वाट मोकळी केली. बस चिखलातून हळूहळू सरकू लागली, तसे काकांनी दोन्ही पाय उचलून सीटवर घेतले.

"काका, हे काय करून राह्यले तुम्ही?"

"गाडी आधीच गच्च हाय ताई. त्यात आपला भार कशाला?"

मी शाळेत विज्ञान शिकवते. तरी गुपचूप मीही पाय वर घेतले.

पलीकडं पोचल्यावर बसमध्ये एकच जल्लोष झाला, पण डोंगर संपेपर्यंत काकांनी पाय खाली सोडले नाहीत.

जालना स्टेशनवर रेल्वेतून उतरताच त्यांनी फलाटावर दोनदा टाच आपटून पाहिली. मी मागून जपून उतरत होते.

"टाका ताई, आता बिनधास्त सगळा भार टाका," ते म्हणाले. "ही आपली जमीन हाय."