बसायले गेलती

माझ्या पर्समध्ये कायम एक चिठ्ठी असते. आज काय करायचं, कुणाला फोन, काय आणायचं. काम झालं की त्यावर रेघ. मुलगी म्हणते, आई एक दिवस जेवणावरसुद्धा रेघ मारून ठेवेल, जेवायच्या आधीच. त्यामुळे आमच्या संस्थेत कोणी किती काम केलं ते मोजणारी एमआयएस नावाची संगणक-प्रणाली आली, तेव्हा ती माझ्याच टेबलावर येणार हे वेगळं सांगायची गरज पडली नाही.

आमचं ऑफिस हिंगणघाटला, बियाण्याच्या दुकानाच्या माडीवर. भाजीपाला पिकवणाऱ्या कुटुंबांचे गट करायचे, त्यांना रोपं, औषधं, बाजार यांची माहिती द्यायची, माल एकत्र विकायला मदत करायची, हे काम. गावोगाव फिरायला तीन समन्वयक. माझं काम ऑफिसात. फिरणाऱ्यांनी रोज संध्याकाळी मोबाईलवर गाव, वेळ आणि काय केलं याची एक ओळ भरायची. ती ओळ माझ्या संगणकावर यायची आणि मी तिला सदर लावायचं: शेतभेट, गटबैठक, प्रशिक्षण, प्रवास, नोंदी. यांपैकी कशातच न बसणारं जे असेल ते 'रिकामा वेळ'. महिनाअखेर प्रत्येकाच्या नावासमोर रंग उमटायचा. भार पुरेसा असेल तर हिरवा, कमी असेल तर पिवळा, फारच कमी असेल तर लाल.

मला ते फार आवडलं होतं. इतकी वर्षं जे तोंडी चालायचं ते आता चौकटीत दिसत होतं.

तिघांपैकी एक होती बोलघेवडी. वडनेर आणि आसपासची गावं तिच्याकडे. स्कूटीवरून उतरायच्या आधी तिचा आवाज जिना चढून यायचा. काम चांगलं, पण नोंदी भरायचा कंटाळा. तीन-चार दिवसांच्या ओळी एकदम भरायची, आणि त्याही जशा बोलायची तशा. 'वांग्याले आळी लागली म्हणून गेली', 'त्यायचं भांडण सोडवलं', 'सरपंच भेटले नाई'. मी रागवायची.

"जरा नीट लिहीत जा गं. हे मी कुठे टाकू?"

"तुमी हुशार हा ताई, टाका कुठंबी," ती हसून म्हणायची. "माह्या बाजूनं मी गेलती, एवढं खरं."

दुसरा सिंदीच्या व्यापारी घरातला. तो कधीच रागवून घ्यायचा नाही. त्याच्या ओळी वाचल्या की सरकारी पत्र वाचतोय असं वाटायचं. 'कुटुंब संपर्क', 'क्षेत्रीय आढावा', 'समन्वय बैठक'. त्याच्या ओळींना सदर लावायला मला क्षणही लागत नसे.

गेल्या हिवाळ्यात वरून निरोप आला की समन्वयक तीनचे दोन करा. आमचे सर भले माणूस. कुणाला काढायचं म्हटलं की त्यांचं डोकं दुखायला लागतं. त्यांनी जाहीर करून टाकलं, "मी काही ठरवत नाही. एमआयएसमध्ये ज्याचा भार सगळ्यात कमी, त्याची नेमणूक पुढे वाढवायची नाही." सगळ्यांनी माझ्या संगणकाकडे पाहिलं.

बोलघेवडी त्या दिवशी जिन्यात मला म्हणाली, "ताई, ही नोकरी गेली तर सासू मले वावरात निंदायले पाठवन. दहावी झाल्यापासून मी तिथूनच निसटायले पाहून राह्यली." हसतच म्हणाली. पण स्कूटीची चावी तिने मुठीत घट्ट धरली होती.

बैठक सोमवारी ठरली. आदल्या आठवड्यात मी मागच्या तीन महिन्यांचा तक्ता काढला. दोघे हिरवे. ती लाल.

शुक्रवारी तिचा फोन आला. तिच्या मोबाईलवरही रंग दिसायचा.

"ताई, मी लाल काऊन दिसून राह्यली?"

मी घाईत होते, आणि खरं सांगायचं तर थोडी तोऱ्यातही होते. म्हटलं, "काऊन म्हणजे? तूच बघ काय भरलंयस. जागोजागी 'बसली, बसली'. बसल्याचं काम कसं धरायचं मी?"

 

"ते तुमी लावलं का, का मशीननं?"

"मीच लावते सगळं."

"बरं," ती म्हणाली. "बसलीच होती मी. खोटं नाई ते." आणि तिने फोन ठेवला.

शनिवारी सरांनी विचारलं, की तिचा एवढा रिकामा वेळ नेमका कोणत्या गावात जातो, ते सोमवारी दाखवता येईल का. दोन बटणांचं काम होतं. मी गावाप्रमाणे तक्ता लावला. सगळ्यात वर वडनेर आलं. मी त्यावर बोट ठेवलं आणि तिच्या मूळ ओळी उघडल्या.

'बसायले गेलती, वडनेर.' खाली पुन्हा, 'बसायले गेलती.' परत, 'दुपारभर बसली, मावशीजवळ.'

वडनेर माझं माहेर. मी तिथे लहानाची मोठी झाले. आमच्याकडे बसायले जाणं म्हणजे काय हे मला कुणी शिकवायला नको. घरात माणूस गेलं की गावातले, नात्यातले, ओळखीचे येतात आणि बसतात. चहा मागत नाहीत. बोलायला काही नसलं तरी बसतात. निघताना 'येते' म्हणत नाहीत, तसेच उठून जातात. तेरवीपर्यंत ओसरी रिकामी राहू द्यायची नाही.

आणि त्या तारखा माझ्या वडिलांच्या होत्या.

वडील गेले तेव्हा महिन्याचा शेवट होता. चौथ्या दिवशी मी हिंगणघाटला परत आले. भाऊ आहे, वहिनी आहे, असं मी आईला सांगितलं आणि स्वतःलाही. तेरवीला आले तेवढी. सर म्हणाले होते, "अहो, तुम्ही एवढ्यात कशाला आलात?" मी म्हटलं होतं, "काम साचलं की मला झोप येत नाही." ऑफिसात सगळ्यांनी कौतुक केलं होतं आणि ते मला गोडही लागलं होतं. त्याच आठवड्यात आई फोनवर म्हणाली होती, "तुह्या हापिसातली ती पोट्टी येऊन बसते वं. चांगली हाय." मी "हो, हो" म्हटलं होतं. हात कीबोर्डवर होते. साचलेल्या ओळी निपटत होते. म्हणजे ती माझ्या आईजवळ बसली होती, आणि मी इकडे तिच्या त्याच बसण्याला 'रिकामा वेळ' लावत होते.

बाकीची गावं उघडली. तिथेही तसंच. गटातल्या एका बाईचा सासरा गेलेला, एका घरी तरणा मुलगा. सिंदीवाल्याला फोन करून विचारलं, "तुमच्या गावांत मयत झाली तर तुम्ही जाता का?"

"जावंच लागते ना ताई. न गेलो तर गटात कोण येईल?"

"आणि लिहिता काय?"

"कुटुंब संपर्क," तो म्हणाला. त्याच्या आवाजात जरासं आश्चर्य होतं, हे काय विचारणं, अशा अर्थाचं.

कुटुंब संपर्काला मी गटबैठकीत धरत आले होते. बैठक म्हटलं की हिरवं आणि बसलं म्हटलं की लाल. शब्द एकाच घरातले. मी मराठी शाळेत शिकलेली बाई.

बंद झालेले महिने उघडायचे तर सरांची परवानगी लागते आणि पडद्यावर कारण लिहावं लागतं. शनिवारी दुपारी त्या कारणाच्या रकान्यासमोर मी बराच वेळ बसले. काय लिहायचं ते मला ठाऊक होतं. 'माझी चूक.' दोनच शब्द. मी लिहिलं, 'तांत्रिक अडचण.' सरांनी फोनवर विचारलं तेव्हा 'बसायला गेल्याच्या ओळी रिकाम्या धरल्या गेल्या' एवढंच सांगितलं, आणि त्यांनी लगेच मंजूर केलं. मी सगळ्या ओळी दुरुस्त केल्या. तिचा रंग पिवळा झाला, मग हिरवा. तिघांचा भार जवळजवळ सारखा निघाला.

सोमवारी सरांनी तक्ता पाहून हुश्श केलं. कुणालाच काढायला नको, असं आता वरती सांगता येणार होतं. तिघांची गावं थोडी इकडेतिकडे करून भागवू म्हणाले. मग लाल रंगाचं काय झालं होतं, हे त्यांनीच सांगून टाकलं.

"अरे, सॉफ्टवेअरचा घोळ. आपली बसायला गेलेली माणसं त्याने रिकामी धरली! त्या कंपनीवाल्यांना काय कळणार आपली भाषा?"

सगळे हसले. सिंदीवाला सगळ्यात मोठ्याने हसला. मीही हसले. ते हसणं मला अजून माझ्या कानात ऐकू येतं.

ती हसली नाही. म्हणजे, चेहरा हसराच होता. "सॉफ्टवेअरवर काऊन चिडता सर," ती म्हणाली. "ते बिचारं कुठं वडनेरचं हाय!"

पुन्हा हशा. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. पाहायची गरजच नव्हती. त्या खोलीत वडनेरची मी एकटी होते, आणि ते फक्त आम्हा दोघींना कळलं. तेव्हा तरी मी म्हणायला हवं होतं की सर, ते मी केलं. मी पाण्याची बाटली उघडली आणि प्यायले.

सरांना हुरूप आला होता. म्हणाले, नवीन सदर करू, 'सांत्वन भेट', अर्ध्या तासाची मर्यादा ठेवून.

"मयतीले बी टार्गेट द्यान का आता?" ती म्हणाली. सर ओशाळले आणि तो विषय तिथेच राहिला.

मग गावांची वाटणी सुरू झाली. ती सिंदीवाल्याकडे हात करून म्हणाली, "सर, माह्याकडचं वडनेर यायले द्या. मले गिरडाकडची गावं चालतीन."

"अगं, लांब पडेल तुला."

"पडू द्या."

सरांनी मान हलवली. मी संगणकावर वडनेरसमोरचं तिचं नाव काढून सिंदीवाल्याचं घातलं. माझ्याच हाताने.

बैठक संपल्यावर मी तिला जिन्यात गाठलं. म्हटलं, "तांत्रिक वगैरे काही नव्हतं. मीच केलं होतं ते."

"मले मालूम हाय. तुमीच तर सांगितलं फोनवर."

"चुकलं माझं. घरचं होतं आणि मी वाचलंच नाही."

"जाऊ द्या ताई. लाल-हिरवं होत राह्यते."

"मग वडनेर का सोडलंस? माझ्यावर राग असेल तर माझ्यावर काढ. आई तुझी वाट बघते."

ती एक पायरी उतरली, थांबली. "राग नाई वो. पण आता मावशीकडं गेली तर मनात येईन, हे लिहू का नको, किती घंटे लिहू. असं कुठं बसता येते का?" मग तिने हेल्मेट डोक्यावर घातलं आणि आतून ओरडली, "चाला, गिरडाचा रस्ता खराब हाय!" स्कूटी गेल्यावरही मी जिन्यातच होते.

सरांना मी नंतर खरं सांगितलं, तेही चार-पाच दिवस टाळून. ते म्हणाले, "असू द्या हो, काम झालं ना." काम झालं होतं. माझ्या चिठ्ठीत त्यावर रेघही मारलेली होती. सांगितल्याने हलकं वाटतं म्हणतात. मला तसं काही वाटलं नाही.

पंधरवड्याने आईचा फोन आला. इकडचं तिकडचं झाल्यावर ती म्हणाली, "ती पोट्टी काऊन येत नाई वं आता? दुसराच कोणी येते. लय सायेब हाय तो. उभ्याउभ्याच जाते."

"तिची गावं बदलली, आई."

"कोनं बदलली?"

"मी."

आईने कारण विचारलं नाही. वडिलांनी विचारलं असतं. ती म्हणाली, "मंग तू येजो."

रविवारी गेले. आई ओसरीवर सांबाराच्या जुड्या बांधत बसली होती. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबारच म्हणतात, आणि वडील गेल्यावरही भाऊ थोडा लावतोच. वडिलांची खुर्ची भिंतीशी होती. मी खाली तिच्यासमोर बसले आणि विचारायला सुरुवात केली. गोळ्या घेतेस का. डोळ्यांचा चष्मा आणला का. भावाने विहिरीवरच्या मोटारचं बिल भरलं का. बँकेचा कागद सापडला का. पाणी कधी येतं. वहिनीचं बरं आहे ना.

आई एकेकाला "हो", "नाई" म्हणत जुड्या बांधत राहिली. मी पर्समधून चिठ्ठी काढली, आणखी काही राहिलं का ते पाहायला.

तिने हातातली जुडी खाली ठेवली.

"झालं का इचारून सारं?" ती म्हणाली. "मंग बस आता."