इंजिनाखालचं वर्तमानपत्र

एका सकाळी अप्पा आणि मी त्यांच्या गॅरेजच्या फरशीवर उकिडवे बसून जमिनीवर पसरलेल्या वर्तमानपत्राकडे बघत होतो. हातातला चहा निवत चालला होता. "वाचा बाई," अप्पा म्हणाले. मी सोलापूरच्या कॉन्व्हेंटात शिकलेली, नुकतीच लग्न होऊन अणदूरला आलेली. मराठी अडखळत वाचायची. मान वाकडी करून मी पहिला मथळा वाचायला लागले. अप्पांनी तो अर्धा ऐकून घेतला आणि शांतपणे म्हणाले, "बातमी नगं. डाग हाय का बघा."

ज्यांची पंचाहत्तरी आपण साजरी करत आहोत, त्या बसवणप्पा मिस्त्रींशी माझी ही पहिली ओळख. माझ्या यजमानांच्या दवाखान्याची पेट्रोलवरची व्हॅन मीच चालवायची. तिच्या मॅनिफोल्डच्या सांध्यातून पाणी गळत होतं. अप्पांचा शिरस्ता असा की, सांधा बंद केल्यावर इंजिन तापवून बघायचं, मग रात्रभर त्याखाली पेपर अंथरायचा आणि सकाळी मालकाला शेजारी बसवून तो तपासायचा. पाण्याचा किंवा तेलाचा एक ठिपका दिसला, तरी सगळं पुन्हा खोलायचं.

मॅनिफोल्ड म्हणजे हवा आणि पेट्रोल इंजिनाला वाटून देणारा भाग; इंजिन गार ठेवणारं पाणीही त्याच्या अंगातूनच जातं. "हवा, पाणी, तेल, तिघं शेजारी," अप्पांनी मला समजावलं होतं. "शेजार टिकवायचा तर भिंत नीट पाह्यजे." ती भिंत घालताना त्यांना बघणं हा माझ्या आयुष्यातला एक मोठा अनुभव आहे. जुनं पॅकिंग ते लाकडी पट्टीने खरवडत, धातूवर ओरखडा नको म्हणून. आत कचरा पडू नये म्हणून उघड्या तोंडांत चिंध्यांचे बोळे घालत. घालताना मोजत, काढताना मोजत, तेही कानडीत. मग डोळे मिटून सांध्यावरून नख फिरवत. फट बुजवणाऱ्या सीलंटची रेघ रांगोळीसारखी बारीक. बोल्ट मधून कडेकडे, तीन फेऱ्यांत आवळत. "एकदम आवळलं की एक कड बसती, दुसरी रुसती." शाळेत आम्ही प्रार्थनेच्या वेळी जितक्या गप्प बसायचो, तितकीच गप्प मी तिथल्या बाकावर बसत असे.

माझे यजमान, डॉक्टर, गेले, त्या वर्षी व्हॅन अंगणात नुसती उभी होती. अप्पा दर सोमवारी यायचे, इंजिन पंधरा मिनिटं चालू ठेवायचे आणि जायचे. पुढे मी पुन्हा गाडी चालवायला लागले, ती त्या सोमवारांमुळे.

पण अप्पा मला खरे कळले ते त्याच्या बऱ्याच आधी, एका चुकीमुळे. खंडोबाच्या यात्रेचे दिवस होते, गॅरेजमध्ये गाड्यांची रीघ होती. व्हॅन पुन्हा गळायला लागली आणि मी घाई केली. त्या वेळी पेपर अंथरलाच नाही. सांधा पक्का राहावा म्हणून अप्पांनी सीलंटही जरा जाड लावलं.

दोनच दिवसांनी मी सरूबाईंना घेऊन सोलापूरला निघाले. सरूबाई आमच्या गावच्या लेक, माकणीला दिलेल्या, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आल्या होत्या आणि बाळ आडवं होतं. बोरामणीच्या अलीकडे तापमानाचा काटा वर गेला, बॉनेटमधून वाफ यायला लागली. गाडी थांबवावीच लागली. मागून आलेल्या टेम्पोत, कांद्याच्या पोत्यांवर सरूबाईंना निजवून आम्ही दवाखाना गाठला. माय-लेकी वाचल्या. तो अर्धा तास मात्र मी विसरलेले नाही.

अप्पांनी व्हॅन ओढून आणवली आणि माझ्यासमोर खोलली. रेडिएटर जुना होता. त्याच्यावर ढकललं असतं तर मला काय कळणार होतं? त्यांनी जाड थरातून सुटून पाण्याच्या वाटेत अडकलेला तांदळाएवढा सीलंटचा तुकडा काढून माझ्या तळहातावर ठेवला.

"हे माझं हाय, बाई. गाडीचं न्हाय."

"अप्पा, घाई मी केली होती."

"घाई तुमची. हात माझा."

त्या गर्दीत त्यांनी आणखी पाच गाड्यांचे सांधे बांधले होते. त्या पाचही मालकांच्या दारी ते गेले. एक जीपवाला म्हणाला, "अप्पा, बरी चालतीय की. उगं खोलून नाव कशाला घालवून घेताव?"

"नाव ऱ्हाऊ द्या. गाडीत तुमची लेकरं बसतेत."

पाचही गाड्या त्यांनी खोलल्या. तीनमध्ये काहीच नव्हतं. त्याही पुन्हा तितक्याच निगुतीने बांधल्या, पेपर अंथरून. दोन मालक त्यानंतर कधी आले नाहीत. अप्पांचा हात गेला, असं गावात बोललं गेलं. अप्पांनी ते ऐकून घेतलं.

एक गोष्ट त्यांच्याच्याने झाली नाही. सरूबाईंना जाऊन सांगणं. एकदा ते माकणीच्या स्टँडपर्यंत गेले आणि त्याच एसटीने परत आले. "काय तोंडानं सांगू?" एवढंच मला म्हणाले. सत्कार समितीने यंदा विचारलं, अप्पा, सत्कारात काय हवं? ते म्हणाले, "माकणीला जायचंय. आता न्हाय गेलो तर ऱ्हाऊन जाईल."

माणसाने इतकं सरळ असावं, याचं आजही मला नवल वाटतं. अप्पांचे गुडघे आणि डोळे त्यांना साथ देत राहोत, आणि त्यांची शंभरी बघायला आपण सगळे असू या.

समितीला माझी विनंती. या गौरवग्रंथाच्या पाच प्रती त्या पाच मालकांच्या घरी द्याव्यात. जे दोघे फिरकले नाहीत, त्यांच्याकडे आधी. बोल्ट मोजून आवळायचा आपला टॉर्कचा पाना अप्पांनी त्यांच्या शिष्याला, रफिक मिस्त्रींना, दिलाच आहे; सत्काराची शालही रफिकच्या हातून घालावी. पहिली प्रत सरूबाईंची. ती टपालाने पाठवू नये. अप्पा स्वतः नेऊन देणार आहेत. गाडी मी चालवीन.