सहकारी तत्त्वावरचं अळू

आईने माझ्याशी बोलणं टाकलं, ते अळूवरून.

भोईवाड्यातली आमची चाळ पाडून टॉवर झाला, तेव्हा बिल्डरने तळघरात मैलापाण्याचा छोटा प्लांट बसवून दिला. बिल्डिंगभरच्या संडासांचं पाणी तिथे शुद्ध होऊन फ्लशला परत वर येतं आणि उरलेल्या गाळाचं खत होतं. पाण्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. (ते परत संडासातच जात होतं!) खताला मात्र कुणी हात लावेना. पोती साठली, पार्किंग अडलं, आणि प्लांटच बंद करायचा ठराव पुढच्या सभेत यायचा होता. प्लांटचा एकुलता एक भक्त म्हणजे मी, सोसायटीचा सेक्रेटरी.

मग मी डोकं चालवलं. एक पोतं गुपचूप वर आणून आईच्या गॅलरीतल्या कुंड्यांत रिकामं केलं.

"कसला रे खत ह्या?" आईने विचारलं.

"ऑरगॅनिक," मी म्हणालो. खोटं काय होतं त्यात?

अळूने जे अंग धरलं! एकेक पान सुपाएवढं. आई हरखली. वड्यांचे डबे घेऊन मजल्यामजल्यावर वाटत सुटली. मी गप्प. मला पुरावा जमवायचा होता ना!

सभेत मी उभा राहिलो. "आईच्या अळुवड्या कोणी कोणी खाल्ल्या?"

सगळे हात वर. वरच्या मजल्यावरच्या सावंतकाकांचे तर दोन्ही.

"आवडल्या?"

"एक नंबर!"

"मग ऐका! ते अळू आपल्या प्लांटच्या खतावर वाढलंय!"

टाळ्यांसाठी मी थांबलो.

"म्हणजे..." सावंतकाका पोटावर हात ठेवून म्हणाले, "आमचंच... आम्हाला?"

"नुसतं तुमचं नाही काका, सगळ्यांचं! सहकारी तत्त्वावर!"

बायकोने खुर्ची माझ्यापासून लांब सरकवली. पहिल्या रांगेतून आई उठली. "मेल्या, माझ्या हातान लोकांका ह्या खावक घातलंस?" तिचे डोळे भरून आले होते. माझ्या भाषणात याची तरतूद नव्हती.

अध्यक्षा कांबळेताईंनी सभा तहकूब केली. निम्मे सभासद बेसिनपाशी होते.

त्यानंतर आई माझ्याशी बायकोमार्फत बोलू लागली. "त्याका सांग, पान वाढलंय." मी समोरच बसलेलो!

एक दिवस सावंतकाका दारात. आवाज एकदम खाली. "जास्वंदीला चालेल का रे? फक्त फुलझाडाला हां!" त्यांच्यामागून गुलाबवाले आले, मग मोगरेवाले. बघता बघता पोती संपली, पार्किंग मोकळं झालं, ठराव बारगळला. शेवटी आईही थेट माझ्याकडे वळली, "मोगऱ्याक दोन मुठी आणून दी. आणि अळवाक हात लावशीत तर बघ!"

प्लांट जोरात चाललाय. माझं म्हणाल, तर बायको शेजारी काही वाटीतून घेऊन गेली की दारातच प्रश्न येतो, "वहिनी, यात भाऊजींचा काही हात नाही ना?"

ती शपथेवर 'नाही' म्हणते, तेव्हाच वाटी आत जाते.