शालनच्या पुड्यातली साखर

मैना म्हैस गोठ्यात आडवी झाली होती आणि तिचं गर्भाशय माझ्या दोन्ही हातांत होतं. उजाडताना ती व्याली. रेडकू धड निघालं, पण त्याच्या मागोमाग पिशवीही बाहेर आली. कोट घाईने उतरवला की बाही जशी उलटी होते, तशी. खेड्यात याला ‘अंग बाहेर आलं’ म्हणतात. मैनेचं अंग चांगलं घागरीएवढं सुजलं होतं आणि रंग जांभळ्याकडून काळ्याकडे चालला होता.

मी मुंबईला शिकून नुकताच कोल्हापूरच्या गुरांच्या दवाखान्यात लागलो होतो. संस्थान विलीन होऊन थोडेच दिवस झाले होते. आमचे साहेब संस्थानच्या पागेतले, घोड्यांवर हयात घालवलेले. त्या दिवशी ते बुळकांडीची लस टोचायला आजऱ्याला गेले होते. म्हणजे विचारायचं कुणाला, तर कुणालाच नाही.

म्हैस केरबाची. जोतिबाच्या डोंगराच्या पायथ्याला त्याचं गाव. रोज पहाटे तो म्हशी हाकत कोल्हापुरात दुधाच्या कट्ट्यावर आणायचा आणि गिऱ्हाइकासमोर धार काढून द्यायचा. कोल्हापूरकर डोळ्यांदेखत काढलेल्या दुधाशिवाय दुसऱ्या दुधाला दूध म्हणत नाहीत. केरबाकडे म्हशी दोन. एक आटलेली, दुसरी ही मैना. मुलीचं लग्न ठरलेलं होतं आणि ते मैनेच्या या वेतावरच व्हायचं होतं. हे मला त्याने गावच्या वेशीवरच सांगितलं होतं. घरी पोचेपर्यंत आणखी दोनदा सांगितलं.

अशा वेळी करायचं काय ते सांगायला सोपं आहे. पिशवी धुवायची, वार सोडवायची आणि पिशवी आत ढकलायची. पण म्हैस कळा देत असते. आपण वीतभर आत घालावं, तिने हातभर बाहेर टाकावं. मी शेपटीच्या मुळाशी बधिर करायचं इंजेक्शन दिलं. कळा थांबल्या. तरी पिशवी जाईना. सूजच एवढी होती. ओंजळीएवढ्या तोंडातून घागर आत कशी जाणार? जोर लावावा तर फाटायची भीती, आणि फाटली की खेळ संपला.

साहेबांचं एक म्हणणं होतं. मी रुजू झालो त्या दिवशी त्यांनी माझी बॅग उघडून अर्धी रिकामी केली होती. “एवढं ओझं कशाला? बाकीचं त्यांच्या घरात असतं,” ते म्हणाले होते. तेव्हा मला हा जुन्या माणसाचा हेकटपणा वाटला. आता दुसरा इलाज नव्हता, म्हणून मी घरात काय काय आहे ते बघायला लागलो.

पहिल्यांदा स्वयंपाकघराचं दार बिजागऱ्यांतून काढायला लावलं आणि ते मैनेच्या मागच्या भागाखाली सरकवून दगडांवर चढवलं. मागचा भाग उंच झाला की पोटातला दाब कमी होतो. मग केरबाच्या बायकोचं, तानूबाईंचं, धुतलेलं लुगडं ओलं करून त्याची झोळी केली. केरबा आणि त्याच्या भावाने ती दोन बाजूंनी धरली आणि पिशवी तिच्यात तोलून ठेवली. तेवढ्यानेही मैनेचा श्वास सुधारला. पण सूज तशीच.

साहेब एकदा बोलता बोलता म्हणाले होते, पागेतल्या एका घोडीची अशीच सूज साखरेने उतरवली. मला ते खरं वाटलं नव्हतं.

“साखर आहे का घरात?” मी विचारलं.

तानूबाई ओशाळल्या. त्यांना वाटलं, डॉक्टर दमले, चहा हवाय. “आमच्याकडं गुळाचाच च्या असतोय डाक्टर,” म्हणत त्या चुलीकडे निघाल्या. चहा नको, साखर म्हशीला लावायची आहे, असं सांगितल्यावर केरबा माझ्याकडे बघतच राहिला. मग त्याने गुळाची आख्खी ढेप आणून पुढ्यात ठेवली. गोड पाहिजे ना, मग हे घ्या. पण गुळात चुन्याची निवळी, माती, काय काय असतं. उघड्या पिशवीवर तो घालायचं माझ्याच्याने धाडस होईना. साखर तेव्हा रेशनवर. गावात मागायची म्हटलं तरी कुणाकडे मूठभर, कुणाकडे तीही नाही.

कोपऱ्यात केरबाची मुलगी शालन रेडकाला पुसत होती. ती उठून आत गेली आणि हातभर उंच, सोनेरी कागदाचा पुडा घेऊन आली. तिचा साखरपुडा दोनच दिवसांपूर्वी झाला होता. गडहिंग्लजच्या व्याह्यांनी रेशनच्या दिवसांतही साखरेने गच्च भरलेला पुडा तिच्या ओटीत घातला होता. ती साखर संध्याकाळी भाऊकीत वाटायची होती.

केरबाचा चेहरा उतरला. पावण्यांचा शुभाचा पुडा म्हशीच्या असल्या जागी घालायचा? कळलं तर ते सोयरीक मोडतील. त्याने तिला पुडा आत ठेवायला सांगितलं. साखर लागू पडेल याची मलाच खात्री नव्हती, म्हणून मी आग्रह धरला नाही.

“आबा, पुडा माझ्या ओटीत घातलाय न्हवं?” शालन म्हणाली. “मैना उठलीच न्हाई, तर ही साखर कुनाच्या तोंडानं वाटू?”

आणि तिने स्वतःच सोनेरी कागद फाडला.

मी साखर मुठीमुठीने पिशवीवर पसरली. ओल्या जांभळ्या मांसावर पांढरे दाणे थोडा वेळ नुसतेच चमकत राहिले. मग ते विरघळायला लागले. आधी एक थेंब पडला, मग दुसरा, मग लुगड्याच्या झोळीतून पाण्याची धारच लागली. कैरीच्या फोडींना साखर लावून ठेवली की जसं पाणी सुटतं, तसंच हे. साखर मांसात साठलेलं पाणी ओढून घेते. हे तत्त्व मी कॉलेजात शिकलो होतो, परीक्षेत लिहिलंही होतं. पण डोळ्यांसमोर घडताना बघितलं आणि माझ्या अंगावर काटा आला. पिशवी आमच्या देखत आकसत होती. काळपट रंग मागे हटून खालून गुलाबी रंग वर येत होता. केरबाने झोळी धरलेल्या हातांनीच मान लववून नमस्कार केला. म्हशीला की साखरेला, मला कळलं नाही.

चहा उकळून निवेल एवढ्या वेळात घागरीएवढी पिशवी तांब्याएवढी झाली. मी ती पुन्हा धुतली, हाताला गोडं तेल चोपडलं आणि तळहाताने ढकलत ढकलत आत घेतली. अगदी टोकाला माझा हात पुरेना. पिशवीचं टोक आत सरळ झालं नाही, तर ती परत उलटते. मग सरबताची रिकामी बाटली लाल औषधाने धुऊन तिच्या बुडाने टोक हळूच सरळ केलं. शेवटी बाहेरच्या तोंडाला टाके. माझ्याकडचा दोरा बारीक, तो मांस कापत जातो. केरबाच्या लेंग्याची कोरी नाडी उकळून घेतली आणि तीच वापरली.

दुपारी मैना उठून उभी राहिली आणि रेडकाला चाटायला लागली. शालन तिच्या गळ्यात पडून मोठ्याने रडली. तोवर तिच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं.

आजऱ्याहून परत आल्यावर साहेबांनी विचारलं, “कशानं गेलं आत?”

“साखर, एक दार, लुगडं, बाटली आणि लेंग्याची नाडी.”

“आणि बॅगेतलं?”

“एक इंजेक्शन. आणि लाल औषध.”

“मग बॅग अजून जड आहे तुझी,” ते म्हणाले आणि आपल्या कामाला लागले.

व्याह्यांना सांगायचं केरबा रोज उद्यावर ढकलत होता. टाके निघाले, मैना पुन्हा कट्ट्यावर यायला लागली. मीही तिथूनच दूध घ्यायचो. एका सकाळी फेटा बांधलेला, झुपकेदार मिशांचा एक माणूस एस.टी.तून उतरून थेट कट्ट्यावर आला. केरबाने हातातली चरवी खाली ठेवली. तेच गडहिंग्लजचे व्याही. गावातून कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं होतंच.

त्यांनी आधी मैनेभोवती एक फेरी मारली. मागच्या बाजूला जरा जास्तच वेळ थांबले. मग मला विचारलं, “डाक्टर तुमीच न्हवं? आमच्या पुड्यातली साखर हिलाच लावली?”

“हिलाच.”

“समदी?”

“चिमूटभरही उरली नाही.”

केरबा मान खाली घालून उभा होता. व्याह्यांनी गिऱ्हाइकाचा रिकामा पेला उचलून त्याच्यापुढे धरला. केरबाने बसून धार काढली. व्याह्यांनी फेसासकट दूध एका दमात पिऊन टाकलं आणि मिशा पुसल्या.

“पोरीनं कागद सोताच्या हातानं फाडला म्हनं,” ते म्हणाले.

“व्हय,” केरबा म्हणाला.

“मग लगीन लांबवू नका. दूध हिचंच घ्या. साखर मी आनतो.”

त्या लग्नात मी जेवलो. त्यानंतर नोकरी संपेपर्यंत माझ्या बॅगेत साखरेचा एक डबा कायम असायचा. घराघरांतून मी दारं काढली, लुगडी फाडली, बाटल्या आणि नाड्या मागून घेतल्या, आणि फार क्वचित माझं अडलं. पण काहीही मागण्याआधी ते घरात कशासाठी ठेवलंय, एवढं मात्र मी विचारून घेत असे.