तीन चपलांवरची दुर्बीण

सासऱ्यांचे हात थरथरतात, म्हणून आमच्या घरात ट्रायपॉड आला. मला माझी हातातली दुर्बीण पुरत होती. त्यांच्या हातात दिली की तलाव, झाडं, आभाळ सगळंच हलायचं. ते ती परत करायचे. "मले काई दिसत नाई. तूच पाह्य."

त्यांना पट्टकादंब पाहायचे होते. हिमालयापलीकडून येणारे हे हंस केळझरकडच्या एका तलावावर हिवाळा काढतात आणि ऊन तापू लागलं की निघून जातात. शेती करत होते तेव्हा सासऱ्यांनी हरभऱ्यात उतरलेले थवे कितीदा हाकलले होते. पण माणूस दिसला की उडणारा पक्षी जवळून दिसणार कसा? यंदा थंडी सरत आली तेव्हा ते म्हणाले, "पुढच्या हिवाळ्यात मी राह्यतो का नाई राह्यत. एकदा दाखोव."

त्याच आठवड्यात आम्ही नवराबायको नागपूरला गेलो.

दुर्बिणींच्या दुकानात नवरा सगळ्यात मोठं दाखवणाऱ्या स्पॉटिंग स्कोपपाशी, म्हणजे स्टँडवर लावायच्या एका डोळ्याच्या दुर्बिणीपाशी थांबला. मी डोळा लावला. दूरच्या इमारतीच्या टाकीवर घार बसली होती. तिनं पापणी मिटली, उघडली. मी मान वर करून पाहिलं, तर टाकीवर नुसता तपकिरी ठिपका. पुन्हा डोळा लावला. पुन्हा ती पापणी. थोडा वेळ मला दुकानात आहोत याचाही विसर पडला.

मग निवड सुरू केली. फार मोठं केलं की चित्र अंधारतं, म्हणून पुढची काच रुंद असलेला मधला स्कोप घेतला. नवऱ्याला सरळ नळीचा हवा होता, पक्षी पटकन सापडतो म्हणून. पण सासऱ्यांच्या पाठीला बाक आलाय. मान वर करून त्यांना उभं राहवत नाही. दुसऱ्या प्रकारात डोळा लावायची नळी तिरकी असते, खाली पाहिलं की समोरचं दिसतं. मी तसा स्कोप लावलेल्या ट्रायपॉडची उंची कमी केली आणि वाकून सासऱ्यांएवढी झाले.

"सरळ उभी राह्य, लोक पाहून राह्यले," नवरा म्हणाला.

"पाहू दे. दिसतंय मला."

ट्रायपॉड मात्र हलका घेतला, कारण उचलायचा मलाच होता. वाऱ्यात हलू नये म्हणून मधल्या हुकाला पाण्याची कॅन अडकवायची, असं दुकानदारानं सांगितलं. दुकानाच्या फरशीवर तो खांबासारखा उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच घरून, पिपरी मेघेहून, ऑटो करून सासरे आणि मी तलावावर गेलो. हंस मधल्या बेटावर होते. मी स्कोप लावला, कॅन अडकवली, हंस मधोमध आणला आणि बाजूला झाले.

"कुठं हाय? पानीच दिसते."

मी पाहिलं. खरंच पाणीच होतं. पुन्हा हंस आणला, पुन्हा तो निसटला. मग पायांकडे लक्ष गेलं. कॅनच्या वजनानं ट्रायपॉडचे पाय ओल्या काळ्या मातीत हळूहळू उतरत होते. जन्म या मातीत गेला आणि मी ट्रायपॉड पारखला फरशीवर.

आसपास दगड नव्हता. मी दोन्ही चपला काढून दोन पायांखाली सारल्या. तिसऱ्यासाठी सासऱ्यांकडे पाहिलं.

"घे. दोनी घे. एका पायात घालून काय नाचू?"

ट्रायपॉड थांबला. ते वाकले, वाकलेलेच होते म्हणा. दोन्ही हात काठीवर, डोळा नळीवर.

मग अगदी हळू म्हणाले, "डोक्यावर दोन काळ्या पट्ट्या हायत. चोचीतून पानी गळून राह्यलं." थोड्या वेळानं, "हेच ते. माहा हरभरा खानारे." आणि मग, स्वतःशीच, "इतके देखने होते व्हय."

ऊन बेटावर आलं. एकेक हंस पंख उघडून मिटत होता. मला दुरून नुसती पांढरी हालचाल दिसत होती. नेमकं काय चाललंय ते त्यांच्या श्वासावरून कळत होतं.

माझे अनवाणी तळपाय गार चिखलात बधिर झाले होते. आता मला पाहू द्या, असं म्हणायला मी तोंड उघडलं. त्यांच्या हातातली काठी थरथरत होती, स्कोप मात्र जराही हलत नव्हता. मी तोंड मिटलं आणि नुसत्या डोळ्यांनी बेटाकडे पाहत राहिले.